नाईट पार्टी, दुपारी चार वाजता

सुरुवात बुद्धिबळाच्या क्लासनं झाली. बारकी आठवड्यातनं दोनदा क्लासला जाते, तिथं सगळं इंग्लिशमधनं चालतं, आणि एक दिवस घरी येऊन आबांना म्हणाली, "आबा, तुम्ही घोडा म्हणताय ते चुकीचं हाय. तो नाईट हाय." आबा म्हणाले, नाईट म्हणजे काय? तर म्हणे घोड्यावर बसलेला लढणारा माणूस. आबांनी पटावरचा घोडा उचलला, चष्म्याजवळ नेला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "माणूस कुठाय ह्यात? पडला काय?"

तिथनं जे डोक्यात बसलं ते बसलंच. शाळेच्या लायब्ररीतनं चित्रांचं पुस्तक आलं, डोक्यावर लोखंडी डबा घातलेली माणसं, हातात भालं, घोड्याला पण झूल. आणि मे महिन्यात, म्हणजे वाढदिवसाला अजून दोन महिने असताना, जेवताना जाहीर झालं की ह्या वर्षी नाईट पार्टी करायची. सासूबाई लगेच म्हणाल्या, "रातीची कशाला? बारक्या पोरांस्नी सोडाय कोण येणार रातीचं?" ही समजूत शेवटपर्यंत गेली नाही. शेजारच्या वहिनींना मी आमंत्रण दिलं तर त्या पण म्हणाल्या की नाईट पार्टी आणि वेळ दुपारी चारची, हे कसं काय बाई.

"मी नाईट होतो आणि सगळ्यांसंगट लढतो," असं बारकी म्हणते. बाहेरच्या लोकांना गंमत वाटते, पण आमच्याकडं कोल्हापुरात पोरी 'मी जातो', 'मी येतो' असंच बोलतात, मी पण लग्नाआधी तशीच बोलायचे, पुण्यात नोकरीला गेले तिथं हसले लोक म्हणून सुटलं. त्यामुळं मुलगी असून नाईट कशी होणार वगैरे प्रश्न निदान भाषेपुरता तरी आला नाही. वर्गातल्या एका मुलानं तिला ते विचारलं होतं म्हणे. तिनं त्याला कावळा नाक्यावर जाऊन ताराराणींचा पुतळा बघून यायला सांगितलं.

खरी अडचण आबांची होती. आबा म्हणजे माझे सासरे, ३० वर्षं इतिहास शिकवून रिटायर झालेले, अर्धी शिवाजी पेठ अजून त्यांना 'सर' म्हणते आणि रस्त्यात पाया पडते. बारकीचा वाढदिवस १२ जुलैला. इतिहासाच्या मास्तराच्या घरात ही तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. १६६० साली ह्याच रात्री भर पावसात महाराज पन्हाळ्यावरनं निसटले, मागं शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन सिद्दी जौहरच्या हाती गेला, आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू. आबा दर वर्षी केक कापायच्या आधी ही गोष्ट सांगतात, पोरं केककडं बघत ऐकतात. त्यामुळं नाईट म्हटल्यावर आबांनी ताट बाजूला सारलं. "त्या दिवशी आमच्या सोप्यात गोऱ्यांचे सरदार नाचणार? शिवा काशीद न्हावी होता. जीव दिला त्यानं. तुमच्या त्या नाईटांत न्ह्याव्याच्या पोराला घेत होते काय, विचारा जरा."

खरं सांगायचं तर मला उत्तर आलं नाही. रात्री वाचत बसले. आणि आबांचं बरोबरच निघालं, घोडा, चिलखत, हत्यारं हे सगळं पदरचं आणायचं म्हणजे जमीनजुमला पाहिजे, पुढं पुढं तर नाईटाच्याच पोरानं नाईट व्हायचं असं ठरून गेलं. आपल्याकडं पण फरक होताच म्हणा, स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पण बारगीर तरी होता येत होतं, गरिबाला घोडा मिळायची सोय होती. हे मी सकाळी आबांना म्हटलं तर ते खूश झाले, मग लगेच सावध झाले की ही मला गुंडाळतेय काय.

वाचता वाचता एका ठिकाणी मात्र मी थांबले. नाईट व्हायचं तर सुरुवात सातव्या वर्षी. मोठ्या घरातलं पोरगं सात वर्षांचं झालं की आईबापाचं घर सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी किल्ल्यावर राहायला पाठवायचे. तिथं ते लढायला शिकत नसे, म्हणजे लगेच नाही. पहिली सात वर्षं ताटं वाढायची, पाणी आणायचं, मोठ्यांच्या समोर कसं उभं राहायचं ते शिकायचं. हुजऱ्याचं काम. मग चौदाव्या वर्षी एखाद्या नाईटच्या हाताखाली, त्याचं चिलखत घासायचं, घोडा बघायचा, आणि साधारण एकविसाव्या वर्षी जमलंच तर नाईट.

बारकीला सातवं लागणार नव्हतं, सात पूर्ण होणार होती. मी उठून बघून आले, पंख्याखाली आडवी पडलेली, एक पाय आजीच्या अंगावर, तोंड उघडं. हिला अजून वेणी घालता येत नाही. दुधावरची साय काढून दिल्याशिवाय दूध पीत नाही. आणि त्या बायका आपल्या पोराचं गाठोडं बांधून देत असतील, खाली दरवाजापर्यंत जात असतील का नाही कुणास ठाऊक. पुस्तकात ते काही लिहिलेलं नसतं, पुस्तकात भाल्याची लांबी असते.

असो. पार्टीचा सगळा खेळ मला तिथंच सापडला. पोरांनी आल्या आल्या तलवारी घ्यायच्या नाहीत. आधी हुजऱ्या व्हायचं, घरातल्या मोठ्या माणसांना खाणं वाढायचं, पाणी द्यायचं, मग खेळ, आणि मग शेवटी नाईट. बारकीला सांगितलं तर तिनं त्याच दिवसापासनं प्रॅक्टिस सुरू केली. आबांनी हाक मारायची खोटी, ही तांब्या घेऊन हजर. आबांनी ह्याचा इतका फायदा घेतला की विचारू नका. तसंही त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी घेतलेलं मी लग्न होऊन आल्यापासनं कधी बघितलं नव्हतं, तांब्या कुठं ठेवतात हे त्यांना माहीत असेल असं मला वाटत नव्हतं.

त्यांचा विरोध मोडला तो मात्र दुसऱ्याच कारणानं. बारकी त्यांना सांगत होती की नाईट झालं की नावाच्या आधी 'सर' लागतं. आणि मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी आलं, डोळे मोठे करून म्हणाली, "आबा! तुम्हाला सगळे सर म्हणतात की!" आबा हसले नाहीत. सोप्यात बसून थोडा वेळ पेपर वाचल्यासारखं केलं, मग कपाटातनं एक जुनं पुस्तक काढून आणलं आणि तिला शाहू महाराजांचा फोटो दाखवला, त्यांच्या नावामागची जीसीएसआय, जीसीआयई, जीसीव्हीओ ही शेपटं दाखवली. जीसीएसआय म्हणजे नाईट ग्रँड कमांडर. म्हणजे आपले राजर्षी कागदोपत्री नाईट होते, 'सर शाहू छत्रपती'. "पण आपण म्हणतो काय त्यांना सर? आपण राजर्षी म्हणतो, ते लोकांनी दिलेलं," हे आबांचं पुढचं वाक्य. आणि मग टागोर, १९१५ ला सर झाले आणि जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये ती पदवी परत केली. बारकीला त्यातलं एवढंच कळलं की नाईट झालं तरी परत देता येतं. तिला ते अजिबात पटलं नाही.

तयारीचं आता. एका इव्हेंटवाल्याला सहज विचारलं तर त्यानं १८ हजार सांगितले, त्यात फुग्यांची कमान आणि एक माणूस अस्वलाच्या वेषात. नाईट थीमला अस्वल कशाला विचारलं तर म्हणाला मॅडम ते कॉमन आहे सगळ्या थीमला. म्हटलं राहू दे. थर्मोकोलवर तर २०१८ पासनं बंदीच आहे, म्हणून पुठ्ठा. लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्या दुकानातनं फ्रीजचे नि वॉशिंग मशीनचे खोके आणले, रिक्षात मावेनात म्हणून नवरा मागं धरून बसला आणि मी पुढं, रिक्षावाले मामा म्हणाले, "घर बदलायलाय काय?" किल्ला बांधायलोय म्हटलं. "दिवाळीला अजून टायम हाय की वैनी."

त्यांचं पण बरोबर होतं. किल्ला म्हटलं की आपल्याला दिवाळीच आठवते. आमच्या माहेरी भाऊ आणि चुलतभाऊ मिळून करायचे, मी घमेल्यातनं माती आणायचे, अहळीव पेरायचे आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे, कुंभार गल्लीतनं मावळे निवडून आणायचं काम पण माझं. पण महाराजांना सिंहासनावर ठेवायचं ते मोठ्या चुलतभावानं. दर वर्षी. मी एकदा पहाटे उठून गुपचूप ठेवून आले होते, तर त्यानं उचलून परत स्वतः ठेवले. आता तो बँकेत आहे, भेटला की चांगलं बोलतो, पण मला ते आठवतंच.

तर फ्रीजच्या खोक्याचे दोन बुरूज झाले आणि मधे दरवाजा. त्या किल्ल्यांना वरनं खाली पडणारा जाळीचा दरवाजा असायचा, तो नवऱ्याला सुतळी नि कप्पीवर करायचाच होता. पोरांना समजावताना तो म्हणाला राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे असतात ना तसं, आणि एका पोरानं लगेच विचारलं, सात करणार काय मग? कोल्हापूरच्या पोरांना पावसाळ्यात बाकी काही माहीत नसलं तरी राधानगरीचे किती दरवाजे उघडले हे माहीत असतं.

चिलखतासाठी कांद्याच्या पोत्याची जाळी. ही माझी आयडिया आणि मला तिचा अभिमान आहे. खरं कड्यांचं चिलखत म्हणजे हजारो बारीक कड्या एकात एक अडकवून रिव्हेट मारलेल्या, आपल्याकडं पण तेच वापरायचे, अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी अंगरख्याच्या आत घातलेलं तसं. जाळीवर चांदीचा स्प्रे मारला की लांबनं हुबेहूब. जवळनं कांद्याचा वास. पूर्ण पत्र्याचं चिलखत २०-२५ किलोचं असायचं, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेलं, त्यामुळं ते घालून माणूस पळू शकायचा, घोड्यावर चढायचा, ते क्रेननं उचलून बसवायचे वगैरे सगळी नंतरची थापेबाजी आहे. बारकी स्वतः २० किलोची. म्हणजे एका नाईटनं एक बारकी अंगावर घेऊन लढायचं.

तलवारींचं माझ्या भावानं केलं. तो गंगावेशीतल्या तालमीत लहानपणापासनं मर्दानी खेळ खेळलेला, लाठी, दांडपट्टा सगळं. एसी बसवणारे तांब्याच्या पाईपवर जी काळी फोमची नळी घालतात ती त्यानं ओळखीतनं आणली, आत काही नाही, नुसता फोम, कितीबी मारलं तरी लागत नाही. सरळ तलवार बघून आबा म्हणाले ही आपली नव्हे, आपली वाकडी. भाऊ म्हणाला, "आबा, धोप सरळच असती की. आणि फिरंग म्हणतो आपण ती? पातंच फिरंग्यांचं." पोर्तुगीजांकडनं आलेली सरळ पाती, मूठ आपली. आबा गप्प झाले, पण इतिहासाच्या मास्तराला तालमीतल्या पोरानं गप्प केलं हे त्यांना आवडलेलं दिसलं. भावानं बारकीला आठ दिवस नळी हातात दिलीच नाही, नुसते पवित्रे करून घेतले सोप्यात, पाय आधी, हात नंतर. स्वतः मात्र पार्टीला नव्हता, दर जुलैला त्यांचा ग्रुप पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो, तो तिकडं चिखलात.

आणि ढाली. ढालीवर प्रत्येकानं आपलं चिन्ह काढायचं, कारण डोकं लोखंडी डब्यात गेलं की कोण कुठला ओळखणार कसं. त्याचा एक नियम मला फार आवडला, सोनेरी नि चंदेरी, म्हणजे पिवळा नि पांढरा, हे एका गटात, लाल निळा काळा हिरवा दुसऱ्या गटात, आणि एका गटातला रंग त्याच गटातल्या रंगावर टाकायचा नाही. निळ्यावर लाल नाही, पांढऱ्यावर पिवळा नाही. धुरळ्यात लांबनं दिसलं पाहिजे म्हणून. पोरांना वाटलं अवघड जाईल, पण शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅच बघितलेल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही, जर्सी बघून कोण पाटाकडील नि कोण शिवाजी हे स्टँडच्या टोकावरनं सांगतात. दोघांनी तर चिन्ह म्हणून तालमीचंच नाव लिहिलं आणि पार्टीच्या आधीच त्यांचं वाजलं. एकीनं म्हैस काढली, चंदेरी ढालीवर काळी म्हैस, नियमात एकदम बसणारी, आणि मला विचाराल तर युरोपातल्या कुठल्याही सिंहापेक्षा भारी.

सगळं गच्चीवर करायचं ठरलं होतं. जुलैत कोल्हापुरात गच्चीवर पार्टी ठरवणाऱ्या बाईला काय म्हणावं ते म्हणा. ११ तारखेला संध्याकाळी ऊन पडलं, जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसत होता, त्या खुळ्या आनंदात आम्ही बुरूज वर नेऊन ठेवले. पहाटे साडेतीनला जो लागला तो लागलाच. मी नि नवरा प्लास्टिक घेऊन पळालो तोवर डावा बुरूज गुडघ्यात बसला होता आणि उजव्याचा लगदा. सकाळी बारकी वर आली, मला वाटलं आता रडणार, तर ती शांतपणे म्हणाली, "किल्ला पडला." जणू रोजच पडतात. आबा मागं छत्री धरून उभे. "असाच पाऊस होता त्या रात्री," एवढंच म्हणाले. मग खाली जाऊन स्वतः सोप्यातला पलंग हलवायला लागले.

सोप्यात किल्ला नाही झाला, पण दारात पाणी तुंबलं होतं ते खंदक म्हणून चालून गेलं. त्यावर फळी टाकली. पोरं चिलखतं घालून रेनकोटमधनं येत होती आणि फळीवरनं आत आली की पहिल्यांदा हातात तलवार नाही, भाकरी.

हे सांगायचं राहिलंच. त्या लोकांच्या पंगतीत ताटाऐवजी शिळ्या पावाची जाड चकती ठेवायचे, त्यावर कालवण, आणि काटे वगैरे नाहीत, हातानंच खायचं. मी हे वाचून सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग भाकरी आणि काय!" शेतात हातावर भाकरी, भाकरीवर पिठलं, वर ठेचा. फक्त ठेचा त्यांना मिळाला नसता, मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळं १४९२ नंतर अमेरिकेतनं आलेलं, आपल्याकडं पण ते पोर्तुगीजांनीच आणलं. तिखटपणाला त्यांच्याकडं मिरी, ती आपल्याच मलबारातनं गेलेली, आणि इतकी महाग की मोठ्या घरातच. मिरची नव्हती तेव्हा कोल्हापूरची माणसं काय खात होती हा विचार मला त्या दिवसापासनं छळतोय. असो. सासूबाईंनी लहान लहान भाकऱ्या थापल्या, त्यावर मिरी घातलेलं पिठलं, आणि चौदा पोरं चिलखतं घालून मोठ्या माणसांच्या रांगेपुढं वाकून भाकऱ्या धरत होती. एकाचं पिठलं आबांच्या धोतरावर सांडलं. आबांनी त्याला "हुजरे, सावकाश," म्हटलं. पोरांची भेळ नि केक नंतर.

खेळांत बांगड्यांचा चालला. सासूबाईंच्या जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या वाळत घालायच्या दोरीला टांगल्या आणि काठीच्या घोड्यावर पळत येऊन नळीच्या टोकात बांगडी उचलायची, तिकडं नाईट लोक भाल्यानं कडी उचलायचा सराव करायचे तसं. तलवारबाजी दोन मिनिटांत हाताबाहेर गेली, त्याबद्दल जास्त लिहित नाही. एक जण रडला, एक जण पलंगाखाली झोपला आणि त्याची आई घ्यायला येईपर्यंत सापडला नाही.

शेवटी नाईट करायचं. गुडघ्यावर बसवून खांद्याला तलवार लावतात, ते कुणी करायचं तर अर्थात सर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला पुजतो ती जुनी तलवार घरात आहे, पोरांची नजर तिच्यावर होती. आबा म्हणाले, उगीच म्यानातनं काढायची नसती ती. छत्री घेतली. ओली, काळी, लाकडी मुठीची. एकेकाच्या दोन्ही खांद्यांना लावली, पाणी टपकत होतं, आणि प्रत्येकाला "ऊठ" म्हणाले, नाव घेऊन. पुढं सर नाही, शिलेदार नाही, काहीच नाही, हजेरी घेतात तसं नुसतं नाव. बारकीच्या वेळी नाव घेताना थोडं अडकले. मला वाटलं चष्म्यावर पाणी आलं असेल.

रात्री जाळी न काढताच झोपली. कांद्याचा वास सगळ्या खोलीभर.

दुसऱ्या दिवशी शाळा. मी डबा भरत होते, पाऊस होताच, सोप्यातनं रोजच्यासारखी आबांची हाक आली, "बारके, पाणी आण गं." ती बुटाची लेस बांधत होती, मान वर न करता म्हणाली, "आबा, मी काल नाईट झालो. हुजऱ्याचं काम संपलं."

थोडा वेळ नुसता पत्र्यावरचा पाऊस. मी सासूबाईंकडं बघितलं, त्या चुलीपाशी होत्या, हाताची भाकरी तव्यावर टाकली आणि काही न बोलता स्वयंपाकघराच्या दारातनं बाजूला झाल्या. आबा आले. उंबऱ्यात उभं राहून इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"तांब्या कुठं असतोय गं?"

"४२ वर्षं झाली, तिथंच असतोय," सासूबाई म्हणाल्या.